शहाण्णवावं कार्ड

माझे दाजी चोरून सिगरेटी ओढतात, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, समजावून सांगितलं. आलेख दाखवले. ताईचं लाटणं पोळपाटावर थांबलं, मी मात्र थांबले नाही. त्या दिवसाचा मला अजून इतका संताप येतो, की तो कुणावर काढावा हे कळत नाही, म्हणून ही हकीकत लिहायला बसले आहे. यात माझी बाजू बरी दिसावी असा माझा काहीही प्रयत्न नाही.

आधी रक्तपत्रक म्हणजे काय ते सांगते. चार वर्षांपूर्वी कायदा झाला. धोक्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटातून वर्षातून एकदा रक्ताचा थेंब घ्यायचा, जाड कागदाच्या कार्डावर वाळवायचा आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. आम्ही पत्रक देतो. हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल पत्रकाच्या माणसाला कारखान्यात पाऊल टाकता येत नाही. पाचवा हिस्सा माणसं लाल निघाली तर कारखानाच बंद, हवा साफ होईपर्यंत. कायदा चांगला आहे. तो करणाऱ्यांच्या मनात खोट नसावी.

त्या थेंबाचं आम्ही काय करतो, तेही सोपं आहे. रक्तात हजारो प्रथिनं असतात. त्यांचे एका पाचकरसाने तुकडे करायचे, जसे आपल्या आतड्यात होतात तसेच. त्या तुकड्यांना विद्युतभार द्यायचा आणि निर्वात नळीतून उडवायचं. यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन करतं. वजनावरून कळतं तुकडा कोणत्या प्रथिनाचा, आणि तसे तुकडे किती आले त्यावरून कळतं ते प्रथिन रक्तात किती आहे. माणसाला धाप लागायच्या कितीतरी आधी त्याच्या फुप्फुसाच्या अस्तरातली प्रथिनं रक्तात झिरपू लागतात. डॉक्टरच्या नळीला जे ऐकू येत नाही, ते यंत्राला दिसतं.

दाजी, म्हणजे अंकुश ढमाळ, पुणे-सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात नऊ वर्षं होते. जुन्या विजेच्या स्कूटरींच्या बॅटऱ्या तिथे येतात. त्या भरडून त्यांची काळी पूड करायची आणि पुडीतून कोबाल्ट, निकेल काढायचं. दाजी भरडणीच्या शेडमध्ये. जूनमध्ये कारखान्यातल्या शहाण्णव माणसांचं रक्त घेतलं गेलं. पंचाण्णव जणांमध्ये एकही लाल निघाला नाही. शहाण्णवावे दाजी. त्यांचं पत्रक लाल.

कारखान्याचं पत्र लगेच आलं. त्याच हवेत श्वास घेणारे बाकी सगळे ठणठणीत आहेत, त्या अर्थी आपला आजार आपल्या वैयक्तिक सवयीमुळे आहे, आपल्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. दाजी पत्र घेऊन माझ्याकडे आले. घरात एवढी शिकलेली मेहुणी, तीही नेमकी त्याच प्रयोगशाळेत आकडे तपासणारी. ते म्हणाले, "हर्षदा, एकदा बघ बाई. काहीतरी चुकलंय."

मी पाहिलं. काही चुकलेलं नव्हतं. अस्तराची प्रथिनं चौपट होती. एकच शेड, एकच हवा, एकच मास्क, आणि चौपट फक्त एकाच माणसाची. मग फरक हवेत नाही, माणसात आहे. आणि फुप्फुस असं बिघडवणारी सवय कोणती, हे शेंबडं पोरही सांगेल. दाजींचे वडील बिड्या ओढून ओढून गेले, त्या धसक्याने या माणसाने उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही, हे मला माहीत होतं. तरी मी यंत्राचं ऐकलं. यंत्राला नातीगोती नसतात, असं काहीतरी भारदस्त वाक्यही मी ताईला ऐकवलं.

ताईने माझ्यावर विश्वास ठेवला. तिने नवऱ्याचे खिसे तपासले, शर्ट हुंगले, त्यांच्या मित्रांच्या बायकांना विचारलं. दाजींनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग बोलणंच सोडलं. एका मंगल कार्यालयात राखणदाराचं काम धरलं आणि बाहेरच्या खोलीत झोपू लागले. अठरा वर्षांचा संसार, आणि मी एका आलेखाने त्याच्या मधोमध भिंत बांधली.

गणपतीत मी ताईकडे गेले. ती मला धड बोलवत नव्हती, पण गणपतीला बोलावणं लागत नाही. सकाळच्या आरतीला दाजींच्या शेडमधली दहाबारा माणसं आली होती. कामावरून काढलं म्हणून त्यांनी दाजींना टाकलं नव्हतं, याचं मला उगाच आश्चर्य वाटलं. झांजा सुरू झाल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मग शेवटची ती लांब ओढायची ओळ आली. आमच्या गावात पुरुषमाणसं ती ओळ घर दणाणेपर्यंत ओढतात. इथे ती अर्ध्यातच तुटली. एक खोकला, दुसरा खोकला, मग सगळेच भिंतीला हात टेकून उभे. झांजा वाजत राहिल्या आणि ओळ आतून बायकांनी पुरी केली.

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. याचा अर्थ त्यांना त्याची सवय झाली होती. ताईने प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "दोन महिने खिसे तपासले मी ह्यांचे. काडीपेटीसुद्धा घावली न्हाई. आन खोकतात तर सगळेच. मग हर्षे, लाल एकटेच कसे गं?"

मी वाटी खाली ठेवली. मी तशीच गाडीत बसून प्रयोगशाळेत गेले. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दाजींचं कार्ड कोणत्या प्लेटवर चाललं ते पाहिलं.

प्लेट म्हणजे शहाण्णव खळग्यांची थाळी. एका खळग्यात एका माणसाचं रक्त. कारखान्याची पंचाण्णव कार्डं एका डब्यातून आली आणि एका प्लेटवर चालली. रक्त घेतलं त्या दिवशी दाजी रजेवर होते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांचं कार्ड चार दिवस उशिरा आलं. तोवर त्यांची प्लेट चालून गेली होती, म्हणून त्यांचा थेंब एका बिस्किटाच्या कारखान्याच्या प्लेटवर रिकाम्या खळग्यात टाकला गेला. लाल निघालेला एकच माणूस, आणि तोच नेमका दुसऱ्या डब्यातला.

पुढचं मला पाठ होतं. ते मीच लिहिलेलं होतं.

यंत्र रोज सारखं चालत नाही. तुकडे फवारणाऱ्या सुईचं टोक मळलं की आकडे उतरतात, नवी सुई लावली की चढतात. त्यामुळे आजच्या प्लेटची कालच्या प्लेटशी थेट तुलना करता येत नाही. शाळेत दोन तुकड्यांचे पेपर दोन मास्तरांनी तपासले, एक कडक आणि एक सैल, तर काय करतात? दोन्ही तुकड्यांची सरासरी सारखी करून घेतात. मीही तेच केलं होतं. प्रत्येक प्लेटची, प्रत्येक प्रथिनाची सरासरी उचलून सगळ्या प्लेटांच्या सरासरीवर आणून बसवायची. त्यात लबाडी काही नाही, जगभर करतात. अट एकच असते. दोन्ही तुकड्यांत हुशार आणि ढ मुलं सारखीच मिसळलेली हवीत. एक तुकडी खरोखरच सगळी नापास असेल, तर ही दुरुस्ती सबंध तुकडीला पास करून टाकते.

म्हणून सुरुवातीला आम्ही कार्डं पिसायचो. आमच्या प्रयोगशाळेतला शब्दच तो. आठ कारखान्यांचे आठ डबे आले की पत्ते पिसावेत तशी सगळी कार्डं पिसून मग प्लेटांवर लावायची, म्हणजे प्रत्येक प्लेटवर सगळीकडची माणसं. पण पिसायचं तर आठ डबे येईपर्यंत थांबावं लागतं, आणि कारखान्यांना पत्रकं दुसऱ्या दिवशी हवी असायची. दोन वर्षांपूर्वी बैठक झाली आणि ठरलं, एका कारखान्याचा एक डबा, एका डब्याची एक प्लेट. दाजींचा कारखाना आमच्याकडे आला तो त्यानंतर. त्या बैठकीला मी होते. चहा पीत होते. माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीवर मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं, 'गृहीत: कार्डं पिसलेली आहेत.' ती ओळ तिथेच राहिली, पिसणं बंद झालं, आणि बैठकीच्या कागदावर माझी सही आहे.

मी दुरुस्ती काढून टाकली आणि कच्चे आकडे पाहिले. पंचाण्णवपैकी त्र्याऐंशी जणांची अस्तराची प्रथिनं चौपट, पाचपट, एकाची सातपट. उरलेले बारा जण कार्यालयातले, भरडणीच्या शेडमध्ये पाय न ठेवणारे. दुरुस्तीनंतर हे बारा सरासरीच्या खूप खाली गेले होते, म्हणून त्यांच्या पत्रकांवर 'फुप्फुसांची स्थिती असाधारण उत्तम' असं छापून गेलं होतं. कारखान्याने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. मी फोटो पाहिला आहे.

टिपणीस सर आमचे प्रमुख. माणूस बुद्धीने तल्लख, त्यामुळे त्यांना फसवणं अवघड आणि पटवणं त्याहून अवघड. त्यांनी माझे आकडे शांतपणे पाहिले.

"त्या दिवशी यंत्र जास्त दाखवत असेल," ते म्हणाले.

"फक्त फुप्फुसाचीच प्रथिनं जास्त दाखवत होतं?"

"प्रत्येक तुकडा यंत्रात वेगळा वागतो. हे तूच मला शिकवलंस. आणि प्लेट आणि कारखाना एकच असतील, तर फरक यंत्राचा की माणसांचा हे आकड्यांतून कधीच कळत नाही. तुझ्याच टिपणातलं वाक्य आहे."

मी त्या बारा जणांकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, बारा चांगले की त्र्याऐंशी वाईट, हे त्या प्लेटच्या आत बसून कुणाला सांगता येणार? माझ्या अंगाची लाही लाही झाली, कारण ते बरोबर बोलत होते. शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. मी म्हटलं, मग कार्डं पिसून पुन्हा चालवू. तर म्हणे, ग्राहकाची परवानगी लागेल. ग्राहक म्हणजे कारखाना. म्हणजे ज्याच्या हवेने माणसं सडत होती, त्याला विचारायचं की बाबा रे, ही सडताहेत का ते पाहू का? सरांनी मला समजुतीच्या स्वरात सांगितलं की पुढच्या वर्षापासून आपण पुन्हा पिसायला लागू. पुढच्या वर्षापासून. जणू ती माणसं तोवर श्वास रोखून बसणार होती.

कार्डं आम्ही नव्वद दिवस ठेवतो, मग जाळतो. त्या डब्याचे सहा दिवस उरले होते.

रविवारी दुपारी मी फरीदाला बोलावलं. फरीदा मुलाणी आमच्याकडे प्लेटांवर नमुने लावते. पिसणं बंद झालं तेव्हा तिने कुरकुर केली होती आणि तिला गप्प बसवणाऱ्यांत मीही होते. मी सगळं सांगितलं. आपल्या दोघींचीही नोकरी जाईल, हेही सांगितलं. तिने मला एकच विचारलं, "तुम्ही एकट्याने केलंत तर कार्डाच्या टिकल्या सरळ कापल्या जातील का?" आणि हातमोजे चढवले.

यंत्राच्या रांगेत वेगवेगळ्या कारखान्यांच्या बावीस प्लेटा होत्या आणि प्रत्येकीत चारपाच खळगे रिकामे होते. आम्ही प्रत्येक कार्डातून पुन्हा एक टिकली कापली आणि ती पंचाण्णव माणसं त्या बावीस प्लेटांवर विखरून टाकली. दूध डेअरीवाल्यांत पाच, बसच्या डेपोत चार, छापखान्यात चार. यंत्राचा दिवस वाईट होता, हे बावीस वेळा तर कुणी म्हणू शकणार नव्हतं. कार्डांवर नावं होती. आरतीला भिंत धरून उभ्या राहिलेल्यांचीही असणार. बहुतेक कार्डांच्या कडेला काळा अंगठा उमटलेला होता. रक्त द्यायला ते हात धुऊन आले असणार, तरीही.

मंगळवारी आकडे आले. प्लेट कोणतीही असो, त्र्याऐंशी लाल. बारा हिरवे. आणि त्या बारांत असाधारण काही नव्हतं, चारचौघांसारखी साधी फुप्फुसं होती त्यांची. सगळे आकडे मी कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयात स्वतः नेऊन पोच घेतली आणि सरांच्या टेबलावर एक प्रत ठेवली. सरांनी माझं ओळखपत्र मागितलं. फरीदाचं नाव मी घेतलं नाही. पण फरीदा आपण होऊन आली आणि तिने तिचं ओळखपत्र माझ्या ओळखपत्राशेजारी ठेवलं. निरीक्षकाच्या कार्यालयातून सांगितलं गेलं, की चौकशीला पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवस. दिवसाला तीन पाळ्या.

मी त्या त्र्याऐंशी नावांची यादी घेऊन ताईकडे गेले. दुपारचे दोन वाजले होते. दाजी जेवून बाहेरच्या खोलीत बसले होते, ताई दारात. मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, दाजी, तुमचं पत्रक खरं होतं, माझं बोलणं खोटं होतं. तुम्ही कधी ओढत नव्हता. सगळ्यांचंच लाल आहे, मी पुसलं होतं, तुमचं तेवढं चुकून राहिलं. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. द्याव्यात अशी फार इच्छा होती.

ताईने दाराची चौकट धरली. दोन महिने ज्या शर्टांचा वास घेतला, ते दोरीवर वाळत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि रडू लागली.

दाजींनी हात पुढे केला. यादी घेतली. बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. मध्येच म्हणाले, "बबन? ह्याचं तर गेल्या महिन्यात लगीन झालं." मग पुन्हा खाली वाचत गेले. पान संपलं तेव्हा त्यांनी ते उलटं करून पाहिलं, मागे आणखी नावं होती.

"मी एकलाच हाय म्हनून झोप तरी लागत हुती," ते म्हणाले. "वाटायचं, आपलंच नशीब. तेच बरं हुतं की गं, हर्षदा."

मी एवढंच सांगितलं, की पंधरा दिवस लागणार आहेत. दाजी उठले, चपला घातल्या. तीनची पाळी होती.

आम्ही तिघं कारखान्याच्या फाटकावर पोचलो तेव्हा पहिली पाळी सुटत होती आणि दुसरी आत जायला जमत होती, त्यामुळे रात्रपाळी सोडली तर सगळेच तिथे होते. दाजींना पाहून माणसं गोळा झाली. मी दाजींना बाजूला घेऊन म्हटलं, असं चारचौघांत नावं वाचायला नियम परवानगी देत नाही, एकेकाला वेगळं सांगा. गर्दीतला एक डोकं पांढरं झालेला माणूस ते ऐकत होता. तो म्हणाला, "वाच अंकुश. आमच्या खोकल्यानं गाव उठतंय, आता लपवायचं काय?" कुणी नको म्हटलं नाही.

दाजी वाचू लागले. मोठ्याने, सावकाश, नाव आणि आडनाव. ज्याचं नाव येई तो नुसता हात वर करी, शाळेत हजेरीला करतात तसा. पंधरा-सोळा नावं झाली आणि दाजींना ढास लागली. त्यांनी यादी शेजारच्याकडे दिली. त्याने दहा वाचली, खोकला, पुढे दिली. बबनने सहा वाचली, त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं. तीनचा भोंगा झाला. वॉचमनने फाटक उघडून धरलं. यादी आणखी दोघांच्या हातांतून गेली आणि मग अशा माणसापाशी आली, की त्याला पहिलंच नाव पुरं करता येईना.

तेव्हा ताई पुढे झाली, पदराने तोंड पुसलं आणि यादी हातात घेतली. एकेचाळीस नावं उरली होती. ती तिने एका जागी उभी राहून, न अडखळता वाचली.

शेवटचं नाव यादीत छापलेलं नव्हतं. ते तिने नवऱ्याकडे बघून घेतलं. दाजींनी हात वर केला. फाटक उघडंच होतं, आत कुणी गेलं नाही.